तंबोऱ्याची किंमत किलोवर : मिरजेची वाद्यं आणि विमानप्रवासाचा हिशोब

मंडळी, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो ते. अभिनंदनाच्या पोस्ट आपण सगळ्यांनी टाकल्या, फॉरवर्ड केल्या. योग्यच केलं. पण त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात आणखी एक कागद निघाला होता, त्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, विमान कंपन्यांनी तिकिटाव्यतिरिक्त कोणकोणत्या गोष्टींचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही याची यादी नव्यानं काढली. पसंतीची सीट, खाणं, लाउंज, चेक-इन सामान, खेळाचं साहित्य... आणि वाद्य.

म्हणजे बघा, मानांकनाच्या कागदावर वाद्य म्हणजे आपला वारसा, आणि विमानाच्या कागदावर वाद्य म्हणजे जादा आकाराचं सामान. पैसे घेण्याच्या यादीत त्याचं नाव आहे. पण ते केबिनमध्ये नेण्याचा हक्क देणारा, किंवा ते हातात घेऊन हातात परत द्या असं कंपनीला बजावणारा नियम आपल्याकडं नाही.

असं का झालं, कधीपासून झालं, आणि त्याचा मिरजेच्या सतारमेकर गल्लीशी काय संबंध, हे आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे. पण कलाकार, विद्यार्थी किंवा परदेशातल्या नातवाला तंबोरा पाठवणारे आजोबा, यांपैकी कुणीही तुमच्या घरात असेल तर शेवटपर्यंत वाचा.

तलवारीकडून तारेकडं

मिरजेची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांची मागणी आटली. तलवारींना धार लावणारे शिकलगार रिकामे झाले. त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडं वळले आणि मग वाद्यं घडवायलाच लागले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, गायकांची ये-जा वाढली, आणि गायकाच्या गळ्याला कसा तंबोरा लागतो हे ज्ञान गल्लीतच मुरत गेलं.

आता या वाद्याची रचना लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. खाली भोपळा. तो खाण्यातला नव्हे, कडू. पंढरपूर-मंगळवेढा भागात भीमेच्या काठी पिकवलेला आणि महिनोन्महिने वाळवलेला. वाळला की त्याचं नुसतं कवच उरतं. त्यावर लाकडाची पातळ तबली. भोपळ्याला गळ्यापाशी जोडलेली पोकळ दांडी. वर खुंट्या, आणि तबलीवर घोडी. ही घोडी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तिचा पृष्ठभाग कानसीनं इतका बारीक घासलेला असतो की तार तिथं नुसती टेकत नाही, घासून बोलते. त्यालाच आपण जवारी म्हणतो.

म्हणजे हे वाद्य पोकळ, पातळ, लांब आणि कायम तारांच्या ताणाखाली असलेलं. शिवाय हलकं. हा हलकेपणा पुढं त्याच्या मुळावर आला, ते सांगतोच.

जोवर वाद्य हाताखाली होतं

रेल्वे आल्यावर गवई गावोगाव फिरू लागले. पण रेल्वेत एक सोय होती. तंबोरा डब्यात गवयाच्या शेजारी बसायचा. बाकावर आडवा, नाहीतर शिष्याच्या मांडीवर. चढवणारा आपला, उतरवणारा आपला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडं निघाले होते. वाटेत सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्टेशनवर त्यांना बरं वाटेना, ते उतरले, आणि तिथंच त्यांचं निधन झालं. शेवटच्या घटकेला त्यांनी फलाटावरच तंबोरा जुळवून घेतला, असं सांगतात. यातली एक साधी गोष्ट बघा. अनोळखी स्टेशनवर, अवेळी, तंबोरा हाताशी होता. तो कुठल्या सामानाच्या डब्यात अडकलेला नव्हता.

बोटीचंही तसंच. उदय शंकर यांनी १९३० च्या सुमारास पॅरिसमध्ये आपला ताफा उभा केला तेव्हा इथून ढीगभर वाद्यं बोटीनं गेली. तिमिर बरन होते, आपले विष्णुदास शिराळी होते. लहानगा रवी शंकर त्याच ताफ्यात होता. बोटीला दोन-तीन आठवडे लागायचे, पण पेटी एकदा ठेवली की मुक्कामाला पोचेपर्यंत ती तिथंच. चढ-उतार दोनदाच. आणि वाद्य खराब होतं ते प्रवासानं कमी आणि चढ-उतारानं जास्त, हे गल्लीतला कुणीही कारागीर सांगेल.

विमान आलं, आणि हिशोब किलोवर आला

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, हे आपण शाळेत शिकलो. पण विमानातल्या सामानाचं भवितव्य त्याच्याही आधी तीन वर्षं ठरून गेलं होतं. १२ ऑक्टोबर १९२९ ला पोलंडच्या वॉर्सा शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला. विमान कंपन्या तेव्हा बाल्यावस्थेत होत्या. एका अपघातात धंदा बुडू नये म्हणून त्यांच्या जबाबदारीला मर्यादा घालून दिली. नोंदवलेल्या सामानाला नुकसानभरपाई किती, तर किलोला २५० सुवर्ण फ्रँक. १९३४ च्या कायद्यानं हे हिंदुस्थानात लागू झालं. स्वातंत्र्यानंतर १९७२ चा नवा कायदा आला, पण किलोचा हिशोब राहिलाच.

पुढच्या काळात हा आकडा किलोमागे सुमारे २० डॉलर असा तिकिटामागं छापून यायचा. आता गणित करा. पेटीसकट तंबोरा १० किलो धरला तर सगळा चक्काचूर झाला तरी भरपाई जास्तीत जास्त २०० डॉलर. शेजारच्या प्रवाशाची पुस्तकं आणि लोणच्याच्या बरण्या भरलेली ३० किलोची बॅग हरवली तर ६०० डॉलर. कारागिरानं वाद्य जितकं हलकं आणि पातळ घडवलं, म्हणजे जितकं कसब जास्त, तितकी त्याची कायदेशीर किंमत कमी! हलकेपणा मुळावर आला म्हटलं ते हे.

करारात एक पळवाट होती. सामान देतानाच त्याची किंमत लेखी जाहीर करायची, वर जादा रक्कम भरायची, मग मर्यादा वाढते. ही तरतूद आजही आहे. पण काउंटरवर ती आपण होऊन कोण सांगतं?

सोबत कारागीरच न्यायचा

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आठवड्यांचा प्रवास दीड-दोन दिवसांवर आला आणि हिंदुस्थानी संगीताला परदेशाचं दार उघडलं. १९५५ मध्ये यहुदी मेन्युहिन यांच्या निमंत्रणावरून अली अकबर खाँ यांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये सरोद वाजवला. १९५६ पासून रवी शंकर यांचे युरोप-अमेरिकेचे दौरे सुरू झाले.

त्या पहिल्या दौऱ्यांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. रवी शंकर यांच्या मागं तंबोऱ्यावर बसायचे ते नोडू मलिक. हे नुसते तंबोरावादक नव्हते. कलकत्त्याचे नावाजलेले वाद्य-कारागीर, रवी शंकर यांच्या सतारी घडवणारे तेच. म्हणजे सतार जिथं जाईल तिथं तिचा वैद्य बरोबर. उतरल्यावर खुंटी सैल झाली, जवारी बिघडली, सांधा उकलला, तर माणूस हजर. जगभर फिरणाऱ्या मोठ्या कलाकाराला हे जमलं. पण सांगली-मिरजेहून दोन कार्यक्रमांसाठी दुबईला जाणाऱ्या गायिकेनं काय करायचं?

नेमकं बिघडतं कशानं?

आपल्याकडं एक समज घट्ट आहे : 'खालच्या कप्प्यात हवेचा दाब नसतो, त्यामुळं भोपळा फुटतो.' असं नाही. प्रवासी विमानांत सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब राखलेला असतो. नाहीतर लोकांची कुत्री-मांजरं त्या कप्प्यातून जिवंत कशी उतरली असती?

खरी कारणं तीन. पहिलं, आदळआपट. काउंटरपासून कप्प्यापर्यंत सरकते पट्टे, वळणं, घसरगुंडी, ट्रॉली, आणि विमान बदललं की हे सगळं पुन्हा. बोटीवर दोनदा होणारी चढ-उतार इथं कितीतरी वेळा होते, आणि हाताळणाऱ्याला तासाभरात शेकडो बॅगा उरकायच्या असतात. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला पेटीत काय आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरं, वरचं ओझं. पेटी आडवी पडली आणि वर जड सुटकेस आल्या की दाब थेट गळ्याच्या सांध्यावर येतो. तिसरं, कोरडी आणि थंड हवा. मुंबईच्या दमट हवेतून निघालेलं लाकूड काही तासांत एकदम कोरड्या हवेत जातं आणि आकसतं.

हे तिसरं कारण सगळ्यात अवघड. कारण त्यात काही फुटत नाही. वाद्य दिसायला धड असतं, पण जवारी गेलेली असते. तबली केसभर बसली किंवा उठली की घोडी हलते आणि आवाज मेला. आता हे नुकसान तुम्ही काउंटरवर दाखवणार कसं? तिथं तडा दाखवता येतो, मेलेला आवाज दाखवता येत नाही.

मॉन्ट्रियलनं काय दिलं

२८ मे १९९९ ला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये नवा करार झाला. किलोचा हिशोब सामानापुरता गेला आणि माणशी एक मर्यादा आली. सुरुवातीला १,००० एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. भारत या करारात २००९ मध्ये आला. मर्यादा वाढत वाढत २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली आहे. रुपयांत साधारण पावणेदोन ते दोन लाखांच्या दरम्यान. म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रवासात आता चांगली सतार त्यात बसू शकते. मात्र ही रक्कम आपोआप मिळत नाही, कमाल मिळू शकते इतकंच. नुकसान आपण सिद्ध करायचं.

देशांतर्गत प्रवासाचं मात्र वेगळं आहे. तिथं २०१४ च्या अधिसूचनेनं सामानाची मर्यादा माणशी २०,००० रुपये ठरली. त्याआधी तर ती किलोवरच होती. मैफलीत वाजवायची सतार वीस हजारांत मिरजेत कोण देतो, ते एकदा गल्लीत जाऊन विचारा. म्हणजे लंडनला जाताना वाद्याला जे संरक्षण आहे, ते दिल्लीला जाताना नाही.

आणखी एक गोष्ट. वाद्य चेक-इनला दिलं की बऱ्याचदा आपल्याकडून एका टॅगवर सही घेतात : वस्तू नाजूक आहे, फुटली तर कंपनी जबाबदार नाही. सही केल्यावर लोक समजतात, आता आपला हक्क संपला. मॉन्ट्रियल कराराचं २६ वं कलम म्हणतं की कंपनीची जबाबदारी काढून टाकणारी किंवा करारातल्या मर्यादेपेक्षा खाली आणणारी कुठलीही अट रद्दबातल. हे आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी. पण कंपनीला एक बचाव उरतो : नुकसान वस्तूच्याच अंगभूत दोषामुळं किंवा गुणधर्मामुळं झालं. 'तुमचा भोपळाच कच्चा होता' असं म्हणायची सोय. म्हणूनच देण्याआधीचे फोटो फार महत्त्वाचे.

एका गिटारीनं काय केलं

२००१ च्या ९/११ च्या हल्ल्यांनंतर विमानतळांवरची तपासणी कडक झाली. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि काही काळ तिथून निघणाऱ्यांना हातातलं सामानच बंद झालं. व्हायोलिनवाले रडकुंडीला आले. ओरड इतकी झाली की सप्टेंबरमध्ये सरकारनं वाद्यांना केबिनमध्ये परत वाट करून दिली. लक्षात घ्या, वादकांनी एकत्र येऊन आवाज केला म्हणून.

पुढचा किस्सा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मार्च २००८ मध्ये डेव्ह कॅरोल हा कॅनडाचा गायक युनायटेड एअरलाइन्सनं शिकागोमार्गे ओमाहाला निघाला होता. शिकागोत खिडकीतून लोकांना दिसलं की खाली सामान हाताळणारे गिटारी फेकताहेत. त्याची साडेतीन हजार डॉलरची गिटार मोडली. दुरुस्तीला बाराशे डॉलर. त्यानं नऊ महिने पाठपुरावा केला. उत्तर काय, तर चोवीस तासांत तक्रार केली नाही. शेवटी त्यानं कंपनीचं नाव घेऊन गाणंच रचलं आणि जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर टाकलं. ते लाखो लोकांनी पाहिलं, आणि कंपनीची जगभर शोभा झाली.

पण खरं काम गाण्यानं नाही, संघटनेनं केलं. अमेरिकेतल्या संगीतकारांच्या युनियननं वर्षानुवर्षं रेटा लावला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या हवाई वाहतुकीच्या कायद्यात वाद्यांसाठी स्वतंत्र कलम आलं आणि मार्च २०१५ पासून त्याचे नियम लागू झाले. व्हायोलिन, गिटारसारखं लहान वाद्य, चढताना जागा असेल तर, केबिनमध्ये घेऊ द्यायचं. हातातल्या साध्या सामानापेक्षा त्याचे जादा पैसे नाहीत. मोठ्या वाद्याला वेगळी सीट विकत घेतली तर, सुरक्षितपणे बांधता येत असेल तर, तेही न्यायचं. नाहीतर ठरावीक माप-वजनात ते सामानात स्वीकारायचंच. हे तिथल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर नाही.

आपल्याकडं मोठ्या नावालाही हा त्रास चुकत नाही. २०१४ च्या जूनमध्ये उस्ताद अमजद अली खाँ ब्रिटिश एअरवेजनं लंडनहून दिल्लीला आले आणि त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा सोबती असलेला सरोद आलाच नाही. बातम्या झाल्या, जगभर चर्चा झाली, आणि काही दिवसांनी सरोद सापडून परत आला. बातमी व्हायला उस्ताद असावं लागतं. सांगलीच्या विद्यार्थ्याचा सरोद हरवला असता तर?

लाकडाचाही पासपोर्ट

वाटेत आणखी एक अडचण उभी राहिली, ती कस्टमची. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या कुळातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानं निर्बंध आणले. हेतू चांगला होता, जंगलं वाचवायची होती. पण शिसवी दांडी-खुंट्या असलेल्या वाद्यांच्या निर्यातीला कागदपत्रांचा फेरा लागला. भारतासह अनेकांनी बाजू मांडली आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपली मिरजेची बरीच वाद्यं तुनीच्या लाकडाची असतात, त्यांना हा प्रश्न तसाही नव्हता. मात्र आजोबांच्या तंबोऱ्यावर हस्तिदंताची पट्टी किंवा नक्षी असेल, तर तो परदेशी नेण्याआधी दहा वेळा विचार करा. हस्तिदंताचे नियम फार कडक आहेत आणि वाद्य सीमेवरच जप्त होऊ शकतं.

वाद्यानंच आकार बदलला

आता मुद्द्यावर येतो. नियम बदलेना तेव्हा काय झालं? वाद्य बदललं.

१९७९ मध्ये बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. हे स्वतः बासरीवादक, आणि आधी नोकरी कुठं, तर हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे विमानांच्याच कारखान्यात. त्यांचा तंबोरा पिशवीत मावत होता, जुळवायला दुसरा माणूस लागत नव्हता. कलाकारांनी तो उचलून धरला यात नवल नाही. आता तर मोबाईलमध्ये ॲप आहे. मिरजेच्या कारागिरांनीही आपला मार्ग काढला : भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पेटीचा तंबोरा, लहान दांडीची प्रवासी सतार, फायबरच्या पेट्या. हे त्यांचं कौतुकच आहे. तलवारीवरून तारेवर आलेली माणसं ती, बदलाला भिणारी नव्हेत.

पण याची किंमत कुणी मोजली? भोपळ्याच्या तंबोऱ्याला गिऱ्हाईक कमी झालं की भीमाकाठी कडू भोपळा लावणारा शेतकरी दुसरं पीक घेतो. भोपळा पारखणारा, वाकडा भोपळा कुठल्या वाद्याला शोभेल हे सांगणारा हात कमी होतो. जवारी काढायला शिकणारा पोरगा पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात लागतो. मैफलीत मागं दोन तंबोरे धरून बसणारे शिष्य गेले, आणि त्यांचं ते बसून ऐकत शिकणंही गेलं. हे सगळं एकट्या विमानानं केलं असं मी म्हणत नाही. घरं लहान झाली, शिष्य परगावी गेले, यंत्र स्वस्त मिळालं. पण 'नेता येत नाही' हे कारण मी कलाकारांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्याला बारीक म्हणता येत नाही.

मानांकन आपण कशाला दिलं? भोपळ्याच्या, हातानं जवारी काढलेल्या वाद्याला. आणि तेच वाद्य जगात नेताना आपले नियम त्याला ओव्हरसाइज म्हणतात.

मग मागायचं काय?

सांगलीला विमानतळ हवा म्हणून कवलापूरची मागणी आपण किती वर्षं करतोय. कोल्हापूरहून विमानं सुटतातच. धावपट्टी मागतो तसं हेही आपल्या लोकप्रतिनिधींकडं मागायला हवं :

१. देशांतर्गत प्रवासात सामानाची २०,००० ची मर्यादा वाढवा, निदान वाद्याला वेगळी धरा.

२. लहान वाद्य केबिनमध्ये नेण्याचा नियम अमेरिकेसारखा लेखी करा. तंबोरा वरच्या कप्प्यात मावणार नाही, हे खरं. छोट्या विमानांत तर गिटारही मावत नाही. म्हणून मोठ्या वाद्याला सीट घेता यावी, आणि तीही संगीतासाठी सवलतीत.

३. जे वाद्य खालच्या कप्प्यात जाईल ते पट्ट्यावर न टाकता हातानं न्यायचं आणि हातानंच परत द्यायचं. व्हीलचेअर अशी नेतात ना? मग सतारही नेता येईल.

४. जादा किंमत जाहीर करण्याची सोय डीजीसीएच्या त्याच यादीत आहे. ती काउंटरवर सांगणं सक्तीचं करा.

आणि मिरजेच्या कारागीर मंडळींना एक विनंती. मानांकित वाद्य विकताना एक छापील दाखला द्या : लाकूड कोणतं, हस्तिदंत नाही, किंमत किती, वाद्याचा फोटो. गिऱ्हाइकाला कस्टमवर, विम्याला आणि भरपाईच्या दाव्याला, तिन्हीकडं तो एकच कागद कामाला येईल.

तोवर आपण काय करायचं, तेही सांगतो. तारा उतरवा, पण पार ढिल्या टाकू नका. घोडी काढली तर तिची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवा. गळ्याखाली आणि खुंट्यांखाली मऊ कापड ठासून भरा, पेटीत वाद्य हलता कामा नये. पेटी बंद करण्याआधी आणि काउंटरवर देताना फोटो काढा, त्यात तारीख दिसू द्या. उतरल्यावर विमानतळाच्या आतच पेटी उघडून बघा आणि बिघाड दिसला तर तिथंच लेखी नोंद घ्यायला लावा. घरी आल्यावर लक्षात आलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करायची मुदत असते. आठव्या दिवशी केलेली तक्रार कितीही खरी असली तरी ऐकली जात नाही. आणि परदेशी पोचल्यावर लगेच तारा चढवू नका. वाद्याला तिथल्या हवेत एखादा दिवस पेटीतच राहू द्या.

तुमच्या ओळखीच्या कुणाचं वाद्य असं प्रवासात गेलं असेल तर खाली लिहा : काय बिघडलं, किती खर्च आला, भरपाई मिळाली का. पन्नास-शंभर अनुभव जमले तर ते घेऊन खासदारांकडं जाता येईल. अमेरिकेतल्या वादकांनी कायदा बदलून घेतला तो असाच, एकेक मोडलेलं वाद्य मोजून.